समुद्रावरचं कुंकू

रीमाने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला तेव्हा माझे दोन्ही हात चिंचेच्या कोळात होते. खंडेनवमीची सकाळ, घरातली सगळी तांब्याची भांडी मोरीशी मांडून मी घासत बसलेले, आणि ही माझी सून सुट्टीच्या दिवशीसुद्धा ऑफिसला निघाल्यासारखी टापटीप, म्हणाली, आई, रोशनभाईंनी नवीन फोटो पाठवलाय, पण त्यात डाग आहे, तुम्हाला काही चालणार नाही. मला काय चालतं आणि काय नाही हे या घरात माझ्याआधी सगळ्यांना कळतं. मी मान वर केली. फोटोत तळहाताएवढं पुस्तक उघडं पडलेलं. एका अंगाला किनारा, दुसऱ्या अंगाला समुद्र, समुद्रात नखाएवढं शिडाचं गलबत, आणि गलबताच्या पुढ्यात लाल डाग. गोल नव्हता. चिंचोक्यासारखा, एका बाजूला निमुळता. तांब्या माझ्या हातातून सुटला आणि गडगडत पार नळाखाली जाऊन थांबला. मी म्हटलं, मोठं कर. तिने दोन बोटांनी पान मोठं केलं. डागाखाली आणखी डाग होता, त्याच्याखाली आणखी, एकावर एक बसलेले, आणि सगळे त्याच बाजूला निमुळते. मी चिंचेने भरलेला उजवा हात वर धरला आणि करंगळीशेजारच्या बोटाकडे बघत राहिले. लहानपणी विळीवर या बोटाचं टोक तिरकं उडालं होतं. तेव्हापासून मी कुणालाही कुंकू लावलं की ते एका बाजूला निमुळतं होतं. सवाष्णी घरी जाऊन पदराने सारखं करत असतील. पण समुद्राला कुठला पदर. रीमा विचारत होती, आई, काय झालं, घाम का आलाय. मी म्हटलं, रिक्षा बोलव.

माझ्याकडची ही नकाशांची पुस्तकं म्हणजे आमच्या घरातला मोठा विनोद आहे. जुन्या वस्तूंचा दुकानदार रोशनभाई त्यांना पॉकेट ॲटलस म्हणतो. माझा मुलगा हितेश आईची खेळणी म्हणतो. राई गावातली आमची जमीन बिल्डरकडे गेली तेव्हा भावकीतल्या बायकांनी गळ्यात इतकं सोनं घातलं की माना खाली आल्या. मी माझ्या वाट्यातून पृथ्वी घेतली. एक एक, खिशात मावेल एवढी. चामड्याच्या पुठ्ठ्याची, सोनेरी कडेची, कुणा परक्या मुलखातल्या माणसांनी तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरलेली. कोरलेल्या रेघांत शाई भरतात, वरची पुसून घेतात, आणि ओला कागद त्यावर दाबतात, हे रोशनभाईने मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. म्हणून त्या नकाशांत शाई कागदावर उभी राहते. डोळे मिटून बोट फिरवा, डोंगर लागतात, नद्या लागतात, आणि चारी बाजूंनी पत्र्याच्या कडेचा खड्डा लागतो, उंबऱ्यासारखा. मी एकदा फसलेसुद्धा. छापील नक्कल घेऊन घरी आले, आणि बोट सगळ्या जगावरून सपाट घसरलं. दोन दिवस मला अन्न गेलं नाही. हितेश म्हणाला होता, आई, तुला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. खरं आहे, माझी शाळा दुसरीत सुटली आणि मराठी पाटीसुद्धा मी थांबून थांबून वाचते. मी म्हटलं, तुला येतं ना वाचता, मग तू काय वाचतोस, हॉटेलातलं मेन्यूकार्ड. तेव्हापासून गप्प आहे. पुस्तकं स्टीलच्या डब्यात असतात, कसर लागू नये म्हणून वेखंडाच्या पुरचुंडीबरोबर. दुपारी घर रिकामं झालं की मी एक काढते आणि मांडीवर उघडते. गाल फुगवून फुंकणारे वारे, शेपटी वर काढलेले मासे, मुंग्यांच्या वारुळासारखे डोंगर. सूनबाईच्या मालिकेत एवढं काही घडत नाही.

पण डब्यातली ही सगळी त्या एका पुस्तकाच्या जागी आणलेली, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज फोटो बघेपर्यंत ते मी स्वतःलासुद्धा धड सांगितलं नव्हतं. रिक्षा राईच्या वळणावरून बाहेर पडली, जिथे आमची भातशेती होती तिथल्या टॉवरची सावली अंगावरून सरकून गेली, आणि मला एकदम आमच्या जुन्या घराच्या देव्हाऱ्यातला वास आला, खोबरेल, जुना कापूर आणि चामडं. माझे सासरे बाबाजी मिठागरावर कामाला होते. मिठाच्या खात्यातला एक गोरा साहेब आपल्या देशी परत जाताना त्यांना हे पुस्तक देऊन गेला. का दिलं ते साहेबालाच ठाऊक. बाबाजींना इंग्रजी येत नव्हतं, त्यांनी ते सरळ देवांत ठेवलं. मी लग्न होऊन आले त्या वर्षीच्या दसऱ्याला पाटावर सरस्वती काढली, पोथी ठेवली, पोथीशेजारी हे पुस्तक ठेवलं, आणि सासूबाईंनी मला हळदकुंकू वाहायला सांगितलं. पोथीला वाहिलं. मग ते पुस्तक मी उघडलं. का उघडलं, कोण जाणे. आमची होडी चार दिवस बाहेर होती, माझा नवरा तुळशीराम तिच्यावर, आणि बाहेर वारं चांगलं नव्हतं. किनारा मला लगेच कळला. तिथे एक ओरखडा होता, ती आमची खाडी असं मी ठरवलं, आणि तिच्यापुढच्या पाण्यावर मी बोट टेकवलं. सासूबाई कडाडल्या, अगं, पुस्तकाच्या पाठीला लावायचं, पोटात नाही. घर हसलं. बाबाजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, राहू दे, समुद्र आहे तो, त्याला पाठ कुठे असते. दुसऱ्या दिवशी होडी आली. त्यानंतर दर दसऱ्याला बाबाजी स्वतः ते पान उघडून पाटावर ठेवायचे, आणि सगळे थांबायचे, माझं बोट टेकेपर्यंत. सासरी माझ्यासाठी कधी कुणी थांबलं असेल तर तेवढंच. तुळशीरामला समुद्राने कधी हात लावला नाही. शेवटी नेला तो साखरेने, अंथरुणावर, पाय काळा पडून. पण तोवर पुस्तक घरात नव्हतंच.

पुस्तक सुलूने नेलं. सुलू माझी नणंद, बाबाजींची शेंडेफळ. नवघरच्या सदूशी तिचं लग्न झालं, सदू परदेशी बोटींवर खलाशी, आणि पाठवणीच्या ट्रंकेत ते पुस्तक गेलं. मला कळलं कधी, तर पुढच्या दसऱ्याला, पाट मांडल्यावर. पोथीशेजारची जागा रिकामी. बाबाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, लेकीने मागितलं, दिलं. दिलं तर दिलं, बापाचं होतं, लेकीचा हक्क होता, हे काय मला कळत नाही का. पण मला कुणी विचारलं नाही. त्या समुद्रावर सहा वर्षांचं माझं कुंकू होतं आणि मला विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. त्या दिवसापासून मी सुलूशी बोलले नाही. लग्नकार्यांत समोर आलो तर मी तिच्या मागच्या भिंतीशी बोलायचे. पुढे गावातला एक खलाशी बातमी घेऊन आला, की सदू कुठल्याशा बंदरात खाली उतरला आणि बोट सुटली तरी परत चढला नाही. कुणी म्हणालं बुडाला, कुणी म्हणालं बाई ठेवली. मी म्हटलं, घरात काही धड असतं तर माणूस घरी येतो. म्हटलं ते म्हटलं. सुलू कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावत राहिली, बायका कुजबुजत राहिल्या, वर्षं गेली. आणि आता रिक्षा पुलावरून पलीकडे उतरत होती आणि माझं ते तिरकं बोट मांडीवर आपोआप टेकत होतं, जणू त्याला कुणी हाक मारत होतं. रीमा माझ्याकडे बघत होती. म्हणाली, आई, तुम्ही हसताय. मी म्हटलं, हसत नाही, दात दुखतोय.

रोशनभाईचं दुकान पेणकरपाड्यात, जुनी घड्याळं, नाणी, ग्रामोफोनचे भोंगे. त्याच्याशी व्यवहार करताना माझा एक नियम आहे: हवी ती वस्तू शेवटी बघायची, तीसुद्धा नाक मुरडून. आज मी दुकानात पाय टाकला आणि चप्पल काढायच्या आधी म्हटलं, दिखाव. गेली, सगळी अक्कल एका शब्दात गेली. त्याने माझ्याकडे बघितलं, रीमाकडे बघितलं, खुर्ची पुढे सरकवली. "मासी, दाग है इसमें, पहले ही बोल देता हूँ," तो म्हणाला. "और शाम को पुणे से एक डॉक्टर आ रहा है इसी के लिए." या धंद्यातला प्रत्येक माणूस खिशात एक गिऱ्हाईक बाळगून असतो, एरवी मी डॉक्टरला नाडी दाखवायला पाठवलं असतं. आज मी दुकानाच्या दाराकडे बघितलं. त्याने मखमलीच्या कापडातून पुस्तक काढलं. पुठ्ठ्याचा एक कोपरा उंदराने खाल्लेला होता, तो तेव्हाही होता. मी ते नाकाला लावलं. खोबरेल. कापूर. रोशनभाई सांगत होता की नवघरची एक जुनी बिल्डिंग तोडायची म्हणून खाली करतायत, तिथल्या रद्दीवाल्याकडून त्याच्याकडे आलं. रद्दी. माझ्या कानांत एकदम सणक गेली. सुलूने रद्दीत घातलं. माझ्या पाटावरून उचललं आणि रद्दीत घातलं. मी पान उघडलं, ते आपसूक उघडलं, आणि तिथे मी होते, सहा दसऱ्यांची मी, एकावर एक टेकलेली, खाडीच्या तोंडाशी.

मग रोशनभाई म्हणाला, एकच पान नाही मासी, पूर्ण पुस्तक खराब आहे, म्हणून तर आधीच तुम्हाला सांगितलं. मी पान उलटलं. समुद्रात लाल ठिपका. बारीक, गोल, तिळाएवढा, माझा नव्हे. पुढच्या पानावर दोन. पुढे आणखी. माझं डोकं फिरलं. माझ्या पुस्तकात कुणी हात घातला, कुणाच्या पोराने पेन चालवलं. मी नखाने हळूच खरवडून बघितलं. पेन नव्हतं. नखाखाली कुंकू आलं. रीमा माझ्या खांद्यावरून वाकली होती, आणि तिच्या नेहमीच्या हळू, स्वच्छ आवाजात वाचायला लागली, कारण मला वाचून दाखवायची तिला सवय आहे. एडन, आई. हे मस्कत. हे बसरा असणार, स्पेलिंग जुनं आहे. हे झांझिबार. सगळे ठिपके बंदरांच्या समोर आहेत, बघा, जमिनीवर एकही नाही. मी बघत होते. ठिपके भरकटलेले नव्हते. ते चालत होते. आमच्या किनाऱ्यावरून निघून अरबांच्या मुलखाला, तिथून आफ्रिकेच्या कडेकडेने खाली, टोकाला वळसा घालून वर, जशी एखादी बाई मुलाच्या मागे ताट घेऊन घरभर फिरते तसे. जिथून जिथून निरोप आला असेल तिथे तिथे. सुलूला माझ्याइतकंसुद्धा वाचता येत नाही. कुणाकुणाच्या दारात पुस्तक नेऊन तिने विचारलं असेल, हे कुठे आहे, बोट ठेवून दाखवा. आणि पान उलटताना मला हेही कळत होतं की अशी वस्तू मी कधी पाहिलेली नाही, डब्यात नाही, दुकानात नाही, जगात कुणाकडे नाही. आणि मग शेवटून तिसरं पान आलं. खूप खालचा मुलूख, डोंगरांची एक लांब उभी माळ, पलीकडे समुद्र. तिथे ठिपका नव्हता. तिथे कागद लालकाळा होऊन झिजला होता, इतका की मधोमध टाचणीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून मागच्या पानाचा समुद्र दिसत होता. रीमाने डोळे बारीक केले. "वालपाराइसो," ती म्हणाली. "आई, हे पार दक्षिण अमेरिकेच्या दुसऱ्या बाजूला आहे. इतकं काय होतं इथे?"

मी हिशेब करत नव्हते, मी एका बाईचं बोट बघत होते. एका जागी. दर दसऱ्याला. मी तिच्या मागच्या भिंतीशी बोलत होते तेव्हाही. रोशनभाई म्हणत होता, मासी, तुम्हाला नको असेल तर राहू द्या, डॉक्टर दुरुस्त करून घेणार आहे, पुण्यात कागद धुणारे लोक आहेत, डाग साफ निघतात. धुणार. मी पुस्तक छातीशी धरलं. त्याने ते बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत व्यापारी जागा झाला. आता तो काय मागेल ते मला दिसत होतं, आणि चूक माझीच होती. मग मी कमरेचा बटवा काढला. निघताना डब्यातून काढून घेतलेला माझा बेटवाला त्यात होता. माझ्या डब्याचा राजा, ज्याच्यात अमेरिकेचा एक आख्खा तुकडा समुद्रात सुटून बेट झालाय, कोरणाऱ्याला कुणीतरी तसं खोटं सांगितलं म्हणून. स्वच्छ, एक डाग नाही, समुद्राच्या कडांना हाताने भरलेला निळा रंग. रोशनभाईने तो माझ्याकडे कितीदा मागितला होता. मी तो त्याच्या मखमलीवर ठेवला. रीमाने माझा दंड धरला, म्हणाली, आई, नको, घरी जाऊन विचार करू. रोशनभाईने बेटवाला उचलला नाही. माणूस वाईट नाही. म्हणाला, मासी, साफ माल देकर खराब ले रही हो, कल मुझे गाली मत देना. मी म्हटलं, गाली उद्या नाही, आज देते, कागद धुणाऱ्यांना. आणि चप्पल घालायला वाकले, तर एक चप्पल सापडेना, कारण ती मी पायातून काढलीच नव्हती.

रिक्षावाल्याला मी राई नाही, नवघर सांगितलं. रीमाने विचारलं, तिथे कोण. मी म्हटलं, तुझी आतेसासू, जिला तू लग्नात लांबून बघितलं. या घरात सुलूचं नाव माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं. हायवेच्या बाजूने झेंडूचे ढीग पळत होते, आपट्याच्या फांद्या, ढोल-ताशांच्या तालमी, आणि माझ्या आत दोन बाया भांडत होत्या. एक म्हणत होती, मिळालं ना, आता घरी चल, वेखंडात ठेव, दुपारी एकटीने बघ. राजा देऊन घेतलंय, फुकट नाही. सुलूने ते सांभाळलं असतं तर रद्दीत गेलं असतं का. तीच बाई आयुष्यभर जिंकत आली होती. दुसरी काही बोलत नव्हती. ती फक्त त्या भोकातून पलीकडचा समुद्र बघत होती.

बिल्डिंग अर्धी रिकामी, जिन्यात फरशा उखडलेल्या. दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. गाद्यांची गाठोडी, दोरीने बांधलेलं कपाट, आणि त्या सगळ्याच्या मधोमध जमिनीवर सुलू बसलेली. ट्रंक पालथी केलेली, पातळं, फोटो, जुनी भांडी सगळीकडे. म्हातारी झाली होती. कपाळावर रुपया तसाच. तिने वर बघितलं, मला बघितलं, आणि इतक्या वर्षांनी दारात वहिनी उभी आहे याचं तिला काही वाटलंच नाही. रडून आवाज बसला होता.

"वयनी," ती म्हणाली, "बाबांचं पुस्तक मिळत न्हाय गो. सुनेनं जुनी पोती देऊन टाकली. उद्या दसरा हाय."

मी बटव्यातून पुस्तक काढलं. तिने पदराला आधी हात पुसले, दोन्ही बाजूंनी, मग घेतलं. न बघता पान उघडलं, आणि तिचं बोट त्या भोकावर जाऊन बसलं, जसं बटण काजात बसतं.

"जपून. फाटेल," मी म्हटलं. तोंडातून हेच निघालं. मग मी तिच्यासमोर जमिनीवर बसले, गुडघे कुरकुरले. "सुलू, अजून वाट बघतेस त्याची?"

"वाट कसली." तिने बोट काढलं नाही. "तो काय येत न्हाय. कुटं तरी हाय, नाय तर नाय. जिथं उतरला तिथलं पानी बरं ऱ्हावं, येवढंच. तू न्हाय का लावायचीस. तुझं बघूनच तर मागितलं बाबांकडं. माझा दादा दर येळी परत यायचा."

रीमा दारात उभी होती, आणि तिला समजलं असावं, कारण ती बाहेरच्या जिन्याकडे बघायला लागली. मी सुलूची पातळं घडी करून ट्रंकेत भरत राहिले. मग मी हात पुढे केला आणि पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं. तिने सोडलं, लगेच, जणू ती मला ओळखून होती.

"हे माझ्याकडे राहणार," मी म्हटलं. "तुझ्याकडे पोती आणि सून. माझ्याकडे वेखंड आहे." ती बघत राहिली. "सकाळी लवकर ये. पाट मांडते. कुंकू आणू नकोस, माझ्या घरात कुंकवाला तोटा नाही."

सुलू हसली. पुढचा एक दात नव्हता. म्हणाली, "पाठीला लावायचं, का पोटात?"

रिक्षात माझे हात थांबत नव्हते. मी पुस्तक उघडत होते, मिटत होते, रेघांवरून बोट फिरवत होते, शाई उभी होती, पत्र्याची कड लागत होती, त्याच्यावर कुंकवाचा थर लागत होता. रीमाने विचारलं, उद्या कुठलं पान उघडणार, आई, तुमचं की आत्यांचं. मी म्हटलं, आधी तिचं, मग माझं, आणि मग बघू. आणि तिला दाखवायला म्हणून सगळी पानं अंगठ्याखालून भरभर सोडली. अजून पुष्कळ समुद्र कोरा होता.